उएनोतली मैफल: तंबोरा नाही, माइक नाही आणि आईचा तीव्र मध्यम

तारेवरची (रविवार, रात्री ११:४०)

आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे टोकियोत आली आहे. मिरजेची, विशारदपर्यंत गाणं शिकलेली, घरात पेटी. इथे आल्यापासून फुलं बघून झाली, देवळं बघून झाली, शंभर येनच्या दुकानातून डबे घेऊन झाले. मग माझ्या जपानीच्या बाईंनी दोन तिकिटं हातात ठेवली. त्यांची शाळेतली मैत्रीण पियानोवर आणि गायला एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी बाई. शनिवारी दुपारी २ वाजता, उएनोच्या बागेतलं जुनं सोगाकुदो. दोघींची नावं देत नाही. त्या काही फार प्रसिद्ध नाहीत आणि मी त्यांना विचारलेलंही नाही.

आधी जागेबद्दल, कारण निम्मी मजा तिथेच आहे. १८९० साली टोकियो संगीत शाळेसाठी बांधलेली लाकडी इमारत. जुनी जागा सोडून ती बागेत आणून पुन्हा उभी केली आणि १९८७ पासून लोकांना खुली झाली. सभागृह वरच्या मजल्यावर, जेमतेम तीनेकशे खुर्च्या, कमानीसारखं छत. भिंतींत आणि जमिनीखाली पेंढा आणि लाकडाचा भुसा भरलेला आहे, आवाज इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आंब्याच्या अढीत बसवलंय आपल्याला."

बसल्यावर पहिला प्रश्न, "तंबोरा कुठंय?" दुसरा, "माइक कुठं लावलाय?" दोन्ही नाहीत म्हटल्यावर तिने पर्स मांडीवर घट्ट धरली, आता काय ऐकावं लागणार अशी.

दोघी आल्या. गाणारी पन्नाशीच्या पुढची, निळा झगा. पियानोवाली काळ्यात. तिच्या डाव्या हाताला, जरा मागे, एक मुलगी खाली मान घालून बसली. ही पानं उलटणारी, हिला जपानीत फुमेकुरी म्हणतात. आईचा समज असा की ही शिष्या. दोन गाणी संपल्यावर कानात, "ती मागची पोरगी गळा का देत नाही? इतका वेळ नुसती बसलीय."

पहिला भाग इटालियन आणि जर्मन. इटालियन गाणी गोड होती, त्यापलीकडे मला काही सांगता येणार नाही. शूबर्टचं चरख्यावर बसलेल्या ग्रेट्शेनचं गाणं मात्र आत गेलं. पियानोचा उजवा हात सतत गोल गोल फिरतो, तो चरखा. मुलगी सूत काततेय आणि निघून गेलेल्या माणसाची एकेक आठवण काढतेय. त्याचं चालणं, त्याचं हसणं, त्याचा हात. चुंबनापाशी येते आणि चरखा थांबतो. थांबतो म्हणजे पियानो खरंच गप्प होतो. मग उजव्या हाताने एक वेढा, पुन्हा थांबणं. आणखी एक वेढा, जरा लांब. मग कुठे चाक पुन्हा लागतं. आईला जर्मनचं अक्षर कळत नाही. मी अर्थ सांगितला नव्हता. तिने माझं मनगट धरलं आणि तिच्या तोंडून "वा!" निघून गेलं. पेंढा भरलेल्या भिंतींत. एकाचीही मान वळली नाही, पण तीनशे माणसांचे कान वळलेले मला दिसले.

मध्यंतरात गाणारीने झगा बदलला, आता शेवाळी. दुसरा भाग सगळा जपानी. यामादा कोसाकुचं लाल चतुराचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला आई म्हणाली, "हा भूप राग आहे." थोड्या वेळाने, "गंधार चढा आहे पण."

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. ताकी रेन्तारोचं 'कोजो नो त्सुकी', पडक्या गडावरचा चंद्र. ते ती दोनदा गायली. आधी नुसत्या गळ्यावर, पियानोवाली हात मांडीवर ठेवून बसलेली. मग तेच पियानोबरोबर, बरंच संथ. दुसऱ्या वेळी पहिली ओळ संपते न संपते तोच आई वळली, "मगाशी तीव्र मध्यम होता. आता शुद्ध का लावला?"

म्हणजे तोच 'म' मगाशी अर्धा सूर चढा होता. मी कार्यक्रमाचा कागद उघडला. त्यात लिहिलं होतं, पहिलं ताकीने रचलं तसं, दुसरं यामादाने बदलून पियानोची साथ लिहिली ते. कोणता सूर बदलला हे कागदावर नव्हतं. इतकी वर्षं इथे राहते, हे गाणं दुकानात, स्टेशनवर, शाळेच्या समारंभात ऐकलंय, मला कधी कळलं नाही.

शेवटी पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरातलं, म्हणजे संगीत नाटकातलं, ते प्रसिद्ध गाणं आणि मग आग्रहास्तव 'फुरुसातो', आपल्या गावाच्या आठवणीचं गाणं, जे सगळं सभागृह उभं न राहता, पुटपुटल्यासारखं गायलं. आईही गुणगुणली.

जाणकारांनी सांगा, तो मध्यम का बदलला? आणि पियानोवालीला इकडे काय दर्जा असतो? आईचं म्हणणं, ही पेटीवाल्यासारखी मागून मागून येत नव्हती, बरोबर चालत होती.

---

अर्धीमुर्धी (सोमवार, सकाळी ७:०५)

आंब्याची अढी! आईंना साष्टांग नमस्कार. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

खर्जातला (सोमवार, सकाळी ९:३२)

लेख आवडला, पण एक प्रामाणिक शंका. मी दोनदा मुंबईत असल्या कार्यक्रमाला गेलोय, दोन्हीदा फुकट पासावर. सोप्रानो वर गेली की सगळे शब्द 'आऽऽ' होतात. इटालियन असो, जर्मन असो, मराठीत गायली तरी 'आऽऽ'च होईल. शब्द कळणार नसतील तर कवितेला चाल लावायची कशाला? आपल्याकडे भावगीतात एक अक्षर तुटलं तर लोक संगीतकाराला धारेवर धरतात.

आणि तो थरथरणारा आवाज. माझी बायको म्हणते, उंदीर दिसल्यासारखा. मी तिच्याशी सहमत आहे, जे क्वचित घडतं.

---

काळीपांढरी (सोमवार, दुपारी १:१५)

पियानो शिकवते, पुण्यात. त्यामुळे लांब लिहिणार, सोसून घ्या.

खर्जातला, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि त्यात गाणारीचा आळस नाही. आपण 'ई' म्हणतो तेव्हा तोंडाच्या पोकळीचा सगळ्यात खालचा घुमारा साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. सोप्रानो वरच्या पट्टीत ८००-९०० हर्ट्झवर गात असते. म्हणजे सूरच त्या घुमाऱ्याच्या वर निघून गेला. 'ई'चं 'ई'पण जिथे राहतं ती जागा सुराच्या खाली राहिली. मग ती जबडा उघडते, घुमारा सुराजवळ आणते, आवाज दुणावतो आणि कानाला 'आ' ऐकू येतो. तिने हट्टाने 'ई'च म्हटलं तर शब्द तर कळणार नाहीच, आवाजही मागच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. शब्द कळायला हवे असतील तर संगीतकाराने ते मधल्या पट्टीत ठेवायचे असतात. चांगले ठेवतात.

माइकशिवाय कसं पोचतं? पुरुषांच्या आणि खालच्या पट्टीतल्या बायकांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक वेगळी धार कमावलेली असते. वाद्यवृंदाचा सगळा जोर ५०० च्या आसपास असतो, वर तो विरळ होत जातो. त्या विरळ जागेतून आवाज निघून जातो. वरची सोप्रानो मात्र मुख्यतः मघाच्या जबड्याच्या युक्तीवर चालते.

आईंच्या चढ्या गंधाराबद्दल: शंभर टक्के बरोबर. पियानो समान अंतरांवर लावतात. त्यात शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने वर असतो (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). हाच आरोप पेटीवर होता आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारात उभं केलं नव्हतं. सोप्रानोला दुसरा इलाज नसतो, शेजारी तो चढा गंधार छातीठोक वाजत असताना आपला वेगळा लावला तर तीच बेसूर ठरते.

आता साथीबद्दल, ज्यावर मी भांडायला तयार असते. आपल्याकडे पेटीवाला ऐकतो आणि धरतो. गायक कुठे जाणार हे त्याला आधी माहीत नसतं, त्याची करामत त्यात आहे. इथे पियानोचा प्रत्येक सूर लिहिलेला आहे आणि तो गाण्याचा अर्धा अर्थ आहे. ग्रेट्शेनच्या गाण्यातून पियानो काढा, चरखा गेला. शूबर्टने ते १८१४ साली लिहिलं, वय वर्षं १७. गाणारी शब्दांतून सांगत नाही ते पियानो सांगतो. ती म्हणते मला शांतता नाही, ते चाक म्हणतं किती नाही ते ऐक.

आणि लिहिलेलं असलं तरी गाणारी श्वास कधी घेईल हे लिहिलेलं नसतं. मी साथ करते तेव्हा तिच्या पाठीकडे बघते. खांदे नव्हे, खांदे हलले तर ती कच्ची आहे. कमरेच्या वर, बरगड्यांपाशी झगा जरा ताणला जातो. तो ताणला की मीही श्वास घेते. न घेतला तर बोटं एक केसभर आधी पडतात. धागाकर्ती, पियानोचं झाकण किती उघडं होतं? छोट्या काठीवर की पूर्ण?

---

तारेवरची (सोमवार, रात्री १०:२०)

छोट्या काठीवर. आईच्या भाषेत "पेटीचं झाकण अर्धवट लावल्यासारखं". ती विचारत होती, पियानो बिघडलाय का.

---

काळीपांढरी (सोमवार, रात्री १०:३१)

मग बाई समजूतदार आहे. एवढ्याशा लाकडी खोलीत पूर्ण उघडलं असतं तर गाणारीला ओरडावं लागलं असतं. तरी काही जण पूर्ण उघडून हलक्या हाताने वाजवतात आणि रंग जास्त मिळतो. अवघड आहे ते. मला येत नाही.

---

पेडण्याचो (मंगळवार, सकाळी ८:५०)

गोंयकाराची हजेरी. खर्जातला साहेब, जुन्या गोव्याला मोंत फेस्टाला, तिथल्या संगीत महोत्सवाला, एकदा या. टेकडीवरचं कपेल (छोटं चर्च), संध्याकाळ, खाली मांडवी. तिथे माइक नसलेला सोप्रानो ऐका आणि मग उंदराचं बोला.

आमच्याकडे ही गाणी परकी नाहीत. चर्चच्या कॉयरात सोल्फा (तिकडचं सारेगम) वाचायला शिकलेली माणसं प्रत्येक वाड्यावर होती. पात्रिसिया रोझारिओ माहीत असेल, मुंबईत वाढलेली, मूळ गोंयची, लंडनला नाव कमावलं. ती आणि तिचा पियानिस्ट नवरा मार्क ट्रूप इथे येऊन पोरांना शिकवतात. नवरा-बायको एकत्र आल्यावर श्वास कुठे घ्यायचा यावरून घरीच भांडण होत असेल, ते वेगळं.

माझी आजी मांडो, आमची जुनी कोंकणी प्रेमगीतं, गायची. शेजारचा म्हातारा पियानोवर. तोही तिच्या पाठीकडेच बघायचा, पण कारण वेगळं असावं असं आईचं म्हणणं. :)

---

तळटीप (मंगळवार, दुपारी ४:१२)

मध्यमाचा प्रश्न विचारलात आणि सगळे उंदरावर गेले. हे घ्या.

ताकीची चाल १९०१ ची, शाळांसाठी छापलेल्या गीतसंग्रहातली, कविता दोई बान्सुईची. मूळ चालीला साथ नव्हतीच, म्हणून तुमच्या गाणारीने ती नुसत्या गळ्यावर घेतली ते योग्य. पट्टी बी मायनर. आपल्या भाषेत पहिली ओळ अशी: प प सा रे ग रे सा, ध ध प म प. गंधार आणि धैवत कोमल, सुरुवातीचे पंचम आणि शेवटचे पाच सूर मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले. तो शेवटून दुसरा मध्यम ताकीने तीव्र ठेवला होता. यामादा कोसाकु बर्लिनला शिकून आला, त्याने १९१७ साली पियानोची साथ लिहिली, पट्टी डी मायनर केली, सुरांची लांबी दुप्पट केली आणि तीव्र मध्यमाचं चिन्ह काढून टाकलं. कोमल गंधार, कोमल धैवत आणि तीव्र मध्यम एकत्र आले की युरोपी कानाला ते जिप्सी वळणाचं वाटतं, जपानी वाटत नाही, हे त्यामागचं कारण म्हणून सांगितलं जातं. दुरुस्त आवृत्ती इतकी रुजली की बहुतेकांच्या कानात आज शुद्ध मध्यमच आहे.

ताकी त्याच १९०१ साली लाइपझिगला शिकायला गेला, क्षयाने परत आला आणि जून १९०३ मध्ये गेला. वय २३. त्याच्या मागे दुरुस्ती झाली, हे लक्षात ठेवा.

आणि आता तुमची जागा. जुलै १९०३ मध्ये, म्हणजे ताकीला जाऊन महिनाही झाला नव्हता, त्याच सोगाकुदोत जपानी गायकांनी पहिला ऑपेरा केला, ग्लुकचा 'ऑर्फेओ'. साथ वाद्यवृंदाची नव्हती, पियानोची होती. नायिका होती तेव्हाची विद्यार्थिनी, पुढची मिउरा तामाकी. तीच १९१५ साली लंडनला बटरफ्लाय म्हणून उभी राहिली आणि जगभर तेच गात फिरली, दोन हजारांच्या घरात प्रयोग केले असं सांगतात. नागासाकीला ग्लोव्हर बागेत तिचा पुतळा आहे. त्यामुळे त्या खोलीत कोणीही शेवटी बटरफ्लाय गातं तेव्हा ते सहज निवडलेलं नसतं.

अवांतर: तेच १९०१. तिकडे ताकीचं गाणं छापलं जात होतं आणि मे महिन्यात लाहोरला विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुसकर शिकले कुठे? मिरजेला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. आईंना सांगा.

---

खर्जातला (मंगळवार, रात्री ९:४५)

तळटीप, मान गए. पण मग यामादा गुन्हेगारच झाला की. मेलेल्या पोराचा सूर खोडला. आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर?

---

तळटीप (मंगळवार, रात्री १०:०२)

आपल्याकडे? एकाच बंदिशीचे दोन घराण्यांत दोन मध्यम सापडतील आणि दोघेही शपथेवर सांगतील की आमचाच मूळ. निदान यामादाचा कागद तरी आहे.

---

काळीपांढरी (बुधवार, सकाळी ११:२०)

यामादाची बाजू घेते. त्याचा सगळा ध्यास असा होता की चाल जपानी बोलण्याच्या चढउतारावर चालावी. जपानीत शब्दाचं कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली यावर बोलणं उभं असतं. त्याने चाली त्या चढउतारावर बेतल्या. हे आपल्या 'अक्षर तुटलं' वाल्या भांडणापेक्षा एक पायरी पुढचं आहे. आपण लांबी सांभाळतो, तो उंची सांभाळत होता.

गंमत म्हणजे आईंनी भूप ओळखला त्याच गाण्यावर, १९२७ चं, लोक आजही वाद घालतात. चतुराला आकातोम्बो म्हणतात. गाण्यात पहिला 'आ' वर आहे. आज टोकियोत बोलताना तो खाली असतो. मग यामादा चुकला का? नाही, त्याच्या काळच्या टोकियोत 'आ' वरच होता. बोली बदलली, गाणं राहिलं.

---

सुगरण_नाही (बुधवार, दुपारी १२:०८)

अवांतराबद्दल माफी. पुढच्या महिन्यात टोकियोला येतेय. अशा कार्यक्रमाला काय नेसून जातात? तिकीट किती? नऊ वर्षांच्या मुलाला नेलं तर चालेल का?

---

तारेवरची (बुधवार, रात्री ११:१५)

सुगरण_नाही, आमचं फुकट होतं. एरवी अशा छोट्या मैफलीला तीन ते पाच हजार येन. शाळेत न जाणाऱ्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, नऊचा चालेल, पण चिप्सचं पाकीट पिशवीबाहेर काढू देऊ नका. आईने मध्यंतरानंतर आलेपाकाचा कागद सोडवायला घेतला होता. अर्धा सोडवला, आवाज ऐकला आणि मग उरलेलं गाणं संपेपर्यंत ती वडी तशीच अर्धवट कागदात, चिमटीत धरून बसली. साडी चालते. आई नारायणपेठ नेसली होती, बाहेर पडताना चार बायकांनी पदर हातात घेऊन पाहिला.

काळीपांढरी, पाठीचं वाचून दाखवलं. आईने लगेच विचारलं, "मग ती पियानोवाली तिच्या मागे का नव्हती बसली, बाजूला होती?" सांगा आता.

तळटीप, सगळंच वाचून दाखवलं. पलुसकर आणि मिरज आल्यावर तिने मान डोलावली, जणू हे होणारच होतं. मग ताकीचं वय विचारलं. तेवीस म्हटल्यावर काही बोलली नाही.

आज संध्याकाळी मी कामावरून आले तर ती जेवणाच्या टेबलावर माझ्या मुलाचा खेळण्यातला कीबोर्ड घेऊन बसलेली. बॅटरी संपत आलेली, त्यामुळे सगळेच सूर उतरलेले. कोमल धैवत, कोमल धैवत, पंचम, आणि मग मध्यमापाशी थांबायची. एकदा तीव्र, एकदा शुद्ध. मी विचारलं, कोणता बरा? म्हणाली, "शुद्ध गोड आहे. तीव्र त्याचा आहे." आणि मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

---

काळीपांढरी (गुरुवार, सकाळी ६:५०)

आईंच्या प्रश्नाचं उत्तर: गाणारी पियानोच्या बाकात, त्या वळणात उभी राहते, लोकांकडे तोंड करून. मी बाजूने बघते तेव्हा मला तिची पाठ आणि एक बरगडी दिसते. तेवढी पुरते. बरोबर मागे बसले असते तर केसांशिवाय काही दिसलं नसतं.

---

पेडण्याचो (गुरुवार, सकाळी ९:१०)

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा पियानो भिंतीला लावलेला होता. त्याला मान पूर्ण वळवावी लागायची. तरी बघायचा.